बंद केलेल्या सॉफ्टवेअरला कुलूप कशाला?

मा. संपादक,

मंगळवार पेठेत गेली २७ वर्षं माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, अधूनमधून एखादं पुस्तक. गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी आले. त्यांच्या गावाच्या इतिहासाचं पुस्तक २००१ मध्ये मीच केलं होतं. आता दुसरी आवृत्ती काढायची होती. फाइल जपून ठेवलेली, पण उघडेना. ते सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावायच्या लॉकशिवाय (चोरून कॉपी वापरू नये म्हणून कंपनी देते तो छोटा तुकडा) चालत नाही आणि लॉकच मेलेलं. कंपनीला फोन केला. ‘ते प्रॉडक्ट बंद झालं सर, नवीन घ्या.’ नव्यात जुनी फाइल उघडेल? ‘नाही सर.’

दुसऱ्या मशीनवर बघितलं, तर गावाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, रुळण्याआधी जी ती कंपनी आपल्या मर्जीनं मराठी अक्षरं बसवायची. कुठल्या खुणेचा कुठला ‘क’, याचा तक्ता कंपनीपाशीच. शेवटी छापील प्रतीवरून २१२ पानं पुन्हा टाइप केली. अकरा दिवस गेले.

जे विकतच नाही, त्याचा कोड (प्रोग्रामच्या मूळ लिहिलेल्या सूचना) खुला करून कंपनीचं काय बुडणार? ‘ब्लेंडर’ हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. वापरणाऱ्यांनी गणपतीची काढावी तशी वर्गणी काढली, सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि कोड सोडवून घेतला. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला अ‍ॅनिमेशनपट त्याच ब्लेंडरमध्ये झाला. कोडमध्ये दुसऱ्यांच्या मालकीचे तुकडे असतात, ही अडचण खरी. पण १९९७ मध्ये ‘डूम’ या खेळाचा कोड दिला, तेव्हा आवाजाचा परका भाग तेवढा वगळून बाकीचा दिलाच की!

आपल्या कायद्यात संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती आहे (माझं बिलाचं सॉफ्टवेअर साहित्यात मोडतं, हे मला परवाच कळलं) आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तेवढं कोण थांबणार? सगळा कोड देववत नसेल, तर निदान अक्षरांचा तक्ता आणि फाइलची रचना जाहीर करा, लॉकची अट काढा. सरकारनंही मराठी सॉफ्टवेअर खरेदी करताना करारातच हे लिहून घ्यावं.

माझ्या कपाटात अशा आणखी ४३ सीडी आहेत. त्यांतल्या सहा एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या. त्याचे छापील अंक शाहूपुरीत २०१९ च्या पुरात गेले.

— एक डीटीपी व्यावसायिक, मंगळवार पेठ, कोल्हापूर