‘विवेक’ म्हणजे नेमके काय?

संपादक महाशय, स. न.

कालच्या अग्रलेखात आपण कापूस उत्पादकांना ‘विवेक बाळगा’ असे तीनदा सांगितले. मी मोजले, मराठीचा निवृत्त मास्तर, सवय जात नाही. पहिल्यांदा अर्थ ‘माल अडवून धरू नका’, दुसऱ्यांदा ‘खर्च आवरा’, तिसऱ्यांदा ‘मोर्चे काढू नका’. विवेक ‘विच्’ धातूवरून आला, विच् म्हणजे वेगळे करणे. सुपात दाणा कुठला नि खडा कुठला हे कळणे. गप्प बसणे हा अर्थ मला तरी कुठल्या कोशात आढळला नाही.

इंग्रजीतल्या ‘प्रूडन्स’साठी, म्हणजे दूरदर्शीपणासाठी, हा शब्द वापरला असेल, तर त्याचे लॅटिन मूळही पुढचे पाहण्याचे. पण पुढचे दिसायला तर हवे! ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क तात्पुरते उठले, ते आमच्या ओट्यावरून कुणाला दिसले होते?

2021-22 मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, म्हणून पुढच्या हंगामात आम्ही भावाभावांनी 32 क्विंटल पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचला. मार्चपासून त्यात किडे. नातू रात्रभर पाठ खाजवायचा. घरमा कापूस नि आंगले खाज, असे सगळे गाव. आपल्या पानावर मात्र तेव्हा ‘तेजीचे संकेत’ होते. कात्रण अजून माझ्याकडे आहे. शेवटी मेअखेर सात हजारांच्या आसपास विकला. शेजाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी दिवाळीनंतर लगेच खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, नऊ हजारांनी घातला होता. तेव्हा गाव त्याला ‘अडला हरी’ म्हणाले, उन्हाळ्यात तेच गाव ‘धोरणी माणूस’ म्हणू लागले. त्याला विचारले तर म्हणे, “गुरुजी, धोरण कसलं, मंडपवाला दारात बसला होता.”

तेव्हा आमच्या विवेकाची काळजी आपण घेता याबद्दल आभार, पण शब्द जरा जपून वापरावा.

जाता जाता : लेकीचे सासर रावेरकडचे, म्हणून केळीचे भाव रोज पाहतो. आठ दिवस तोच आकडा छापून येतो आहे. तोही कुणीतरी एकदा पाखडून घ्यावा.

— एक निवृत्त शिक्षक, ता. पारोळा, जि. जळगाव