आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: एकदा आमच्या नखांच्या मुळाशी बघा

मा. आरोग्यमंत्री साहेब,

स.न.वि.वि.

हे पत्र मी आठ बोटांनी टाइप करतेय. एका बोटाला पट्टी आहे आणि दुसऱ्याचं टोक कीबोर्डला लागलं की मस्तकात कळ जाते, त्यामुळे कुठे टायपो दिसला तर सांभाळून घ्या. आणि आधीच सांगून टाकते, मी कुणाच्या नावाने बोटं मोडायला बसलेली नाहीये, तसंही माझी बोटं आता मोडण्याच्या अवस्थेत राहिलेली नाहीत.

मला रेनॉड आहे. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात काही विशेष नाही, मीपण ऐकलं नव्हतं आणि ज्या पहिल्या तीन डॉक्टरांकडे गेले त्यांच्याही तोंडून ते आलं नाही. होतं असं की फ्रीजमधून बाटली काढली, एसीत जरा वेळ बसलं किंवा नुसतं टेन्शन आलं तरी बोटं पांढरी पडतात, फिकी नाही हां, खडूसारखी पांढरी, आणि पांढरं जिथे संपतं तिथे कुणी रेघ मारल्यासारखी हद्द दिसते. मग ती निळी-जांभळी होतात आणि रक्त परत आलं की लालभडक होऊन ठणकतात. तेवढा वेळ शर्टाचं बटण लावता येत नाही, चावी फिरवता येत नाही, हजेरीचं मशीन अंगठा घेत नाही. कोविडच्या काळात सगळे बोटाला ऑक्सिमीटर लावत होते ना, माझ्या बोटाला लावला की आकडाच यायचा नाही, आणि आला तर असा यायचा की घरच्यांची धांदल उडायची, शेवटी एका नर्सने तो कानाच्या पाळीला लावला. बोटात रक्तच पोचत नसेल तर मशीन तरी काय मोजणार.

आता इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी नाहीतर लोक उगाच घाबरतील. ज्यांची बोटं थंडीत पांढरी पडतात त्यातल्या बहुतेकांना काहीही गंभीर झालेलं नसतं. त्याला प्रायमरी रेनॉड म्हणतात, साधारण शंभरात तीन ते पाच जणांना असतो, बायकांमध्ये जास्त, तरुणपणी सुरू होतो आणि त्रास देतो पण बोट खात नाही. दुसरा प्रकार सेकंडरी, म्हणजे मागे दुसराच कुणीतरी उभा असतो, स्क्लेरोडर्मा (ज्यात कातडी जाड आणि कडक होत जाते), ल्युपस, मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज असलं काहीतरी, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटते. स्क्लेरोडर्मा असलेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांना रेनॉड असतो आणि अनेकांना तो बाकी सगळ्या लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी येतो. मला नेमकं यावरच बोलायचंय, की आजार आत फुफ्फुसात शिरायच्या कितीतरी आधी बोटावर येऊन आवाज देतो, आणि तो ऐकायला कुणी नसतं.

१८६२ साली पॅरिसमध्ये मोरिस रेनॉड नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात या बोटांचं वर्णन केलं. त्याला वाटलं होतं की दोष मज्जासंस्थेत आहे, ती थंडीला जरा जास्तच घाबरते. ते अर्धं खरं निघालं. थंडी वाजली की सगळ्यांच्याच बोटातल्या बारीक धमन्या आक्रसतात, आतली ऊब वाचवायला. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये आल्फा-टू-सी नावाचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे रेणू, एरवी पेशीच्या आत लपून बसलेले असतात, गार लागलं की ते पृष्ठभागावर येतात आणि धमनी आवळतात. आमच्यात हे आवळणं प्रमाणाबाहेर होतं. पण स्क्लेरोडर्मात एवढंच नसतं साहेब, तिथे धमनीचं आतलं अस्तरच खराब झालेलं असतं, ते धमनी आवळणारं एंडोथेलिन जास्त सोडतं, सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, आणि हळूहळू भिंत जाड होऊन आतली वाट बुजत जाते. म्हणजे नळ नुसता पिळलेला नाही तर आतून गंजलेलापण आहे. म्हणून साध्या रेनॉडवाल्याने हातमोजे घातले की भागतं आणि आमच्या बोटाच्या टोकाला जखमा होतात, ज्या महिनोन् महिने भरत नाहीत. स्क्लेरोडर्माच्या जवळजवळ निम्म्या पेशंटना कधी ना कधी अशी जखम होते.

माझंच सांगते. पहिल्यांदा बोटं पांढरी पडली तेव्हापासून मागे स्क्लेरोडर्मा आहे हे कळेपर्यंत सहा वर्षं गेली. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, व्हिटॅमिन झालं, "थंडीत सगळ्यांचीच बोटं गार पडतात हो" झालं, एका ठिकाणी मायग्रेनसाठी बीटा ब्लॉकर सुरू झालं ज्याने रेनॉड वाढू शकतो आणि माझा वाढलाच. मग बोटं सुजायला लागली, अंगठी निघेना, ती कापून काढावी लागली. तोपर्यंत मी स्वतःच थंडीला दोष देणं सोडून दिलं होतं.

मग एका डॉक्टर मॅडमनी काय केलं माहितीय? माझ्या अनामिकेच्या नखाच्या मुळाशी, जिथे नख कातडीत शिरतं तिथे, तेलाचा एक थेंब टाकला आणि कातडी तपासायचं हातातलं छोटं भिंग, डर्मॅटोस्कोप, त्यावर टेकवलं. दोन मिनिटं. मग म्हणाल्या, तुम्हीपण बघा. निरोगी माणसाच्या तिथल्या केशवाहिन्या केसांच्या आकड्यांसारख्या ओळीने उभ्या असतात, एकसारख्या, बारीक. माझ्या काही फुगून फुग्यासारख्या झालेल्या, मध्येच रक्ताचे ठिपके, आणि मध्ये मोकळं मैदान, काहीच नाही. सहा वर्षं सगळे रिपोर्टांच्या फाईलमध्ये आजार शोधत होते आणि तो नखाला चिकटून बसला होता. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे भिंगसुद्धा कुणी लावलं नव्हतं. पुढे रक्तात स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या, छातीचं स्कॅन झालं, फुफ्फुसाच्या तळाशी डाग निघाले. ते डाग किती जुने होते ते आता कुणीच सांगू शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल ही एका पेशंटची गोष्ट झाली, एवढ्यावर सरकार पैसे कसे देणार. बरोबर आहे. म्हणून २००८ साली छापून आलेला कॅनडातला अभ्यास सांगते. नुसता रेनॉड असलेले, दुसरं कुठलंही निदान नसलेले ५८६ लोक घेतले आणि त्यांच्यावर पुढे कितीतरी वर्षं नजर ठेवली, काहींवर तर वीस वर्षं. त्यातल्या ७४ जणांना, म्हणजे १२.६ टक्क्यांना, पुढे स्क्लेरोडर्मा झाला. पण खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीलाच ज्यांच्या नखाच्या केशवाहिन्या बिघडलेल्या होत्या आणि रक्तात स्क्लेरोडर्माच्या खास अँटीबॉडी होत्या, त्यांच्यातल्या जवळजवळ ८० टक्क्यांना आजार झाला, आणि ज्यांच्यात दोन्ही नव्हतं त्यांच्यातल्या फक्त १.८ टक्क्यांना. एक भिंग आणि एक रक्ततपासणी, एवढ्यावर घाबरायचं कुणी आणि घरी जाऊन निवांत झोपायचं कुणी हे बऱ्यापैकी सांगता येतं! आणि हे कळलं त्याला एवढी वर्षं झाली की तेव्हा जन्मलेलं पोरगं एव्हाना शाळा संपवून कॉलेजात गेलं असतं.

२०१३ साली अमेरिकन आणि युरोपियन संधिवात संघटनांनी मिळून रिसर्चसाठी नवे निकष केले, त्यात ९ गुण झाले की स्क्लेरोडर्मा धरतात. रेनॉडचे ३, नखाच्या केशवाहिन्यांचे २, सुजलेल्या बोटांचे २, अँटीबॉडीचे ३. बेरीज करा, १० होतात. १९८० च्या जुन्या निकषांत कातडी जाड होण्यावर सगळा भर होता आणि माझ्यासारखे सुरुवातीचे पेशंट बाहेरच राहायचे. म्हणजे विज्ञानाने बोटांना त्यांचा मान दिलाय, राहिलंय ते ओपीडीतल्या टेबलापर्यंत पोचायचं.

माझं मुख्य मागणं साधं आहे आणि ते मशीनच्या उद्घाटनाची फीत कापण्यासारखं नाहीये म्हणून भीती वाटते की ते मागे पडेल. बोटं पांढरी पडतात म्हणून जो माणूस सरकारी दवाखान्यात येतो त्याच्या नखांचं मूळ भिंगातून बघायचं, फोटो काढून ठेवायचा, शंका आली तर रक्त तपासायचं, आणि मग, हे सगळ्यात महत्त्वाचं, त्या माणसाला नोंदवहीत घ्यायचं आणि वीस वर्षं सोडायचं नाही. सगळ्या जनतेला रांगेत उभं करा असं मी म्हणत नाहीये, त्याने निरोगी लोकांना नुसती धास्ती बसेल. जे स्वतःहून तक्रार घेऊन येतात तेवढेच घ्या. भिंग वापरायला संधिवाततज्ज्ञच हवा असंही नाही, साध्या डॉक्टरला किंवा नर्सला शिकवलं तर फुगलेली केशवाहिनी ओळखता येते आणि फोटो लांबच्या तज्ज्ञाला पाठवता येतो.

नोंदवहीचा एवढा हट्ट का, तर बघा, २०२३ मध्ये रेनॉडच्या जनुकांचा मोठा अभ्यास आला, ५,१४७ रेनॉडवाले लोक त्यात होते. इतकी वर्षं संशय त्या आल्फा-टू-सीवर होता आणि अभ्यासात पुढे आला त्याचा भाऊ, आल्फा-टू-ए! आता औषध शोधणाऱ्यांना नवीन दार मिळालं. पण हे शक्य झालं कशामुळे, तर ब्रिटनने २००६ ते २०१० मध्ये पाच लाख लोकांची माहिती आणि रक्ताचे नमुने एका बायोबँकेत साठवायला सुरुवात केली म्हणून. तेव्हा रेनॉडचा विचार करून कुणी ते केलं नव्हतं. नोंदी असल्या की प्रश्न नंतर विचारता येतात, नसल्या की प्रश्न विचारणारा कितीही हुशार असो, हात चोळत बसतो.

औषधांचं म्हणाल तर आमची सगळी औषधं दुसऱ्यांकडून मागून आणलेली आहेत. पहिली गोळी निफेडिपिन, ती ब्लड प्रेशरची. मग सिल्डेनाफिल, हो तेच, व्हायग्रावालं, क्लेमच्या फॉर्मवर ते नाव दिसलं की समोरच्याच्या ओठांवर जे हसू येतं ते मी आता डोळे मिटूनसुद्धा ओळखते. आयलोप्रोस्ट सलाइनमधून सहा-सहा तास, असं सलग काही दिवस, डोकं ठणकतं पण बोटं वाचतात. बोसेंटनच्या दोन मोठ्या चाचण्या २००४ आणि २०११ मध्ये आल्या, नवीन जखमा कमी होतात असं निघालं, पण असलेली जखम त्याने लवकर भरत नाही असंही निघालं. यातली बरीच औषधं आता जुनी झालीत, पेटंटच्या बाहेर आहेत, त्यामुळे त्यांच्यावर नवीन चाचणी करण्यात कंपनीला काही मिळायचं नाही. कुठलं आधी द्यावं, दोन एकत्र द्यावीत का, आजार पक्का व्हायच्या आधीच सुरू केलं तर उपयोग होतो का, हे प्रश्न सार्वजनिक पैशानेच सुटतील.

आणि त्या चाचण्या करणंही सोपं नाही बरं का. पेशंटने रोज डायरीत लिहायचं, आज किती वेळा बोटं पांढरी झाली, किती वेळ, त्रास शून्य ते दहामध्ये किती. मी अशी डायरी लिहिलीय, खरं सांगते, ज्या दिवशी घराबाहेरच पडले नाही त्या दिवशी आकडा छान यायचा. चाचणी कडाक्याच्या थंडीत सुरू झाली आणि ऊन पडल्यावर संपली तर साखरेची गोळीपण गुणकारी ठरेल. म्हणून थर्मल कॅमेरा, लेझरने रक्तप्रवाह मोजणं यावर काम व्हायला हवं, म्हणजे माझ्या मूडपेक्षा माझ्या बोटाचं तापमान बोलेल. हे कंटाळवाणं संशोधन आहे, याला टाळ्या मिळत नाहीत. टाळ्या मिळतात त्या बातम्यांना, जर्मनीत पेशंटच्याच पेशी बदलून ल्युपस आणि स्क्लेरोडर्मावर उपचार केले वगैरे, आणि ते खरंच भारी आहे, मी स्वतः ती बातमी चार जणांना फॉरवर्ड केली. पण पेशी बदलून बुजलेली धमनी उघडेल का, गेलेलं बोट येईल का.

जाता जाता, हे तुमच्या खात्याचं नाही पण कामगार मंत्री तुमच्या शेजारीच बसत असतील. १९१८ मध्ये डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरणाऱ्या दगडफोड्यांची पांढरी बोटं नोंदवली होती, आणि १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांमध्ये स्क्लेरोडर्मा जास्त दिसतो असं छापून आलं, दगडाच्या धुळीतल्या सिलिकाशी त्याचा संबंध आहे. ब्रेकर चालवणाऱ्या माणसाची बोटं पांढरी पडली तर ती कंपनामुळे, धुळीमुळे की आणखी कशामुळे हे बघायलाही तेच भिंग लागतं.

डाव्या हाताची पट्टी बदलायची वेळ झालीय, थांबते. उत्तराची वाट बघतेय.

आपली,
एक रेनॉडवाली

ता. क. भेटायला बोलावलंत तर येईन, फक्त मीटिंग रूमचा एसी तेवढा बंद ठेवायला सांगा. येताना भिंग मी घेऊन येईन, तुमच्या नखांपासूनच सुरुवात करू.