चूक आठव्या सर्व्हरची नव्हती

महोदय,

नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीच्या २०१२ मधल्या फटक्यावरचा कालचा लेख वाचला. ‘एका तंत्रज्ञाच्या विसराळूपणामुळे कंपनी बुडाली’ असे आपल्या लेखकाने ठोकून दिले आहे. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, हे खरेच. पण बाकीचे कुणी सांगायचे?

पॉवर पेग ही शेअरच्या ऑर्डरी सोडणारी सोय कंपनीने २००३ मध्येच वापरातून काढली होती. तिचा कोड मात्र नऊ वर्षे तसाच पडून राहिला. ऑर्डर पूर्ण भरली की थांबायचे, हे सांगणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला आणि त्यानंतर पॉवर पेग पुन्हा तपासलाच नाही. २०१२ मध्ये नव्या कोडला फ्लॅग (म्हणजे तो चालू करणारी खूण) दिला तोही पॉवर पेगचाच जुना. १ ऑगस्टला तो फ्लॅग लागला, आठव्या सर्व्हरवर जुना कोड जागा झाला आणि थांबायचे कधी हेच ठाऊक नसल्याने ऑर्डरी सोडत सुटला. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलर गेले.

यात विसराळूपणा किती आणि व्यवस्थापन किती? जुना कोड काढण्याचे काम कुठल्याच तिमाहीच्या यादीत बसत नाही, कारण त्यातून साहेबांना दाखवण्यासारखे काही निघत नाही. कोड चढवल्यावर दुसऱ्या माणसाने तपासावे असा लेखी नियमच तिथे नव्हता. न्यूयॉर्कचा बाजार उघडतो सकाळी साडेनऊला. त्याआधीच, आठपासून, पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल यंत्रणेनेच धाडले होते. ते वाचणे कुणाचेच काम नव्हते! मग घाबरगुंडीत, नीट चाललेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला. झाले, तिथेही जुना कोड जागा झाला आणि आता आठही सर्व्हर तेच करू लागले.

यावर आपल्या लेखकमहाशयांचा उपाय काय, तर ‘अजाइल स्वीकारा’, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत. वा! रिलीजची, म्हणजे नवा कोड वापरात आणण्याची, तारीख सेल्सवाले ग्राहकाला आधी कबूल करतात, कामाला किती दिवस लागतील हे टीमला मागाहून विचारतात आणि आलेला आकडाही वरून कापतात. तारीख तर हलत नाही, मग पहिली कात्री लागते टेस्टिंगला. टीमच्या रोजच्या पंधरा मिनिटांच्या स्टँडअप बैठकीची नुसती हजेरी होते, दुसऱ्याच्या कोडचा रिव्ह्यू म्हणजे न वाचता ‘ॲप्रूव्ह’ दाबणे. चेकलिस्टवर दोन सह्या मागा, जरूर मागा. पण दुसरी सही करणाऱ्याला ‘आज रिलीज नाही’ म्हणता आले पाहिजे, आणि तसे म्हटल्याबद्दल अप्रेझलमध्ये त्याचे रेटिंग घसरता कामा नये. हे अधिकार वरून द्यावे लागतात, ते कुठल्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मिळत नाहीत.

जाता जाता, लेखात नुकसान ४६ कोटी डॉलर आणि शेजारच्या चौकटीत ४६० कोटी छापले आहे. मिलियनचे कोटी करताना हा घोळ आपल्या अर्थपानावर वरचेवर होतो. पान छपाईला जाण्याआधी दुसरे कुणी वाचते की नाही? दुरुस्ती छापावी, आणि ती पहिल्या चुकीइतक्याच ठळक टायपात.

आपला,
एक रिलीज इंजिनीअर, पुणे