प्रबंधांच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख आहेच, पण तिथे सगळं एका ओळीत उरकावं लागतं. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. घातलं असतं तर ओरडा बसला असता.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रणमाल्यावर, म्हणजे तिथल्या लोकनाट्यावर, काम सुरू केलं, तेव्हा वाटायचं की प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला म्हणजे तो सर्वांना मिळाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमावलीने डिजिटल प्रत सक्तीची केली, आता अडचण कसली? तुम्ही एका जुन्या प्रबंधाची पीडीएफ उघडलीत, त्यातला परिच्छेद उचलून वर्डमध्ये चिकटवलात, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता काला झाला. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत, येण्याआधीच्या फाँटमधलं टायपिंग! वाचायला मराठी, शोधायला शून्य. स्कॅन केलेले प्रबंध तर निव्वळ चित्रं. शोधायला उरते ती प्रबंधाची नोंद: शीर्षक, लेखक, विषय वगैरे माहिती. आणि तिच्यात विषय म्हणून काय, तर 'मराठी'. बस्स.

मग तुम्ही जे केलंत ते कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा नोंदींसाठीच्या डब्लिन कोअर या मानक नमुन्याचे मूळ रकाने पंधरा. बहुतेक ठिकाणी त्यातले चार-पाच भरून हात झटकतात. तुम्ही शीर्षकं देवनागरीत घातलीत, गोषवारे युनिकोडमध्ये नव्याने टाइप केलेत, आणि गावांची नावं मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही तऱ्हांनी दिलीत. साखळी शोधणाऱ्याला सँक्वेलिम असं नोंदलेलं काम दिसत नाही. डिचोली-बिचोलिमचं तेच, पेडणे-पेर्नेमचंही. बाहेरच्या एजन्सीला हे सुचलं नसतं. मला हवे असलेले दोन प्रबंध त्या दुरुस्तीनंतरच हाती लागले.

असे डिजिटल संग्रह चालवणारं डीस्पेससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सर्व्हरला निधीही मिळतो. नोंदी तपासायला माणूस मात्र नेमत नाहीत. हे मत माझं, तुमच्या माथी नको.

गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता येतील असे, खुले केले, हे तुम्हीच सांगितलंत. त्यावरून धीर आला. रणमाल्याच्या माझ्या ध्वनिमुद्रणांसाठी कलाकारांची लेखी संमती घेऊन तीही खुली करतोय.

त्यांच्या नोंदी तुमच्या पद्धतीने भरून मेलवर पाठवल्या आहेत. वाळपईच्या वाड्यांची नावं एकदा नजरेखालून घाला, आणि चुकलं असेल तिथे नेहमीसारखं लाल करून परत पाठवा.

आपला,
एक संशोधक विद्यार्थी