मुलाचे वय वाढते, पोटगी तिथेच राहते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी बहीण आणि तिचे पती विभक्त झाले तेव्हा भाची चार वर्षांची होती. त्या वेळी तिच्या पोटगीचा जो आकडा आदेशात लिहिला गेला, तोच ती तेरा वर्षांची होईपर्यंत दरमहा खात्यात जमा होत राहिला. बहिणीने पहिल्यापासून एका वहीत तिचा खर्च टिपून ठेवला आहे. सुरुवातीच्या पानांवर औषधे आणि खेळणी आहेत, अलीकडच्या पानांवर चष्मा, दातांची तार, शिकवणी आणि वर्षातून दोनदा घ्यावे लागणारे बूट. वडिलांनी एकही महिना चुकवलेला नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. मात्र त्या आकड्याकडे पुन्हा वळून कोणीच पाहिले नाही, आणि त्यात आम्ही घरचे सगळेच आलो.

पोटगी ही विभक्त झालेल्या एका पालकाने दुसऱ्याला द्यायची भरपाई आहे, असा समज फार रुजलेला आहे. वास्तविक ती मुलाच्या हक्काची रक्कम असते आणि ती ठरवण्याच्या रीती सर्वत्र सारख्या नाहीत. ब्रिटनमध्ये मूल ज्या पालकाकडे राहत नाही, त्याच्या ढोबळ, म्हणजे कर कापण्यापूर्वीच्या, साप्ताहिक उत्पन्नावर मूळ दर एका मुलासाठी १२, दोघांसाठी १६ आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के असा आहे, आणि मूल वर्षातून किमान ५२ रात्री त्या पालकाकडे मुक्कामाला असेल तर त्यातून सातवा हिस्सा वजा होतो. अमेरिकेतील बहुतेक राज्ये दोघांचे उत्पन्न एकत्र धरून मुलाचा खर्च काढतात आणि तो ज्याच्या-त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटून देतात, म्हणजे एकत्रित उत्पन्नातला साठ टक्के वाटा वडिलांचा असेल तर खर्चाचाही तेवढाच वाटा त्यांच्याकडे येतो. भारतात असे ठरीव सूत्र नाही, रक्कम न्यायालयाच्या विवेकावर सोडलेली आहे. तरी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे बंधनकारक केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही सांगितले. मिळकत दडवण्याची सवय पाहता हे प्रतिज्ञापत्र मला टक्केवारीच्या कोणत्याही कोष्टकाइतकेच महत्त्वाचे वाटते.

मला सर्वांत पटते ती जर्मनीतील पद्धत. ड्युसेलडॉर्फच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या तक्त्यात एका बाजूला उत्पन्नाचे गट आणि दुसऱ्या बाजूला मुलाच्या वयाचे टप्पे दिलेले असतात. मूल सहा वर्षांचे झाले, बारा वर्षांचे झाले, की ते पुढच्या रकान्यात जाते. मूल वाढणार हे तिथे आधीच गृहीत धरलेले आहे.

इतरत्र बहुधा कोणीतरी अर्ज करावा लागतो. नोकरी जाणे, मोठे आजारपण, उत्पन्नात ठळक वाढ किंवा घट, मुलाचा ताबा बदलणे, शिक्षणाचा खर्च वाढणे, अशा बदलांचा पुरावा दिला तर रक्कम वाढवता किंवा कमी करता येते. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६ याचसाठी आहे. अडचण होते ती तोंडी समजुतीमुळे. माझ्या एका सहकाऱ्याची नोकरी गेली तेव्हा त्याने पत्नीशी बोलून निम्मी रक्कम देणे सुरू केले आणि तिनेही ते समजून घेतले. चौदा महिन्यांनी दोघांत बिनसले, तेव्हा थकबाकी मूळ आदेशाप्रमाणेच मोजली गेली. नोकरी सुटली त्याच आठवड्यात त्याने अर्ज दिला असता, तर त्याची बाजू निदान कागदावर आली असती. अमेरिकेत तर १९८६ च्या संघीय दुरुस्तीपासून एकदा थकलेला हप्ता मागाहून कमी करताच येत नाही. रक्कम घेणाऱ्यानेही गाफील राहू नये, कारण आपल्याकडे याच संहितेच्या कलम १४४ खाली थकबाकीच्या वसुलीचे वॉरंट मिळवायचे तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

म्हणून माझी विनंती अशी, की आदेश किंवा संमतीपत्र तयार होत असतानाच मुलाच्या वयाच्या कोणत्या टप्प्याला रक्कम किती वाढेल आणि दोघांनी उत्पन्नाची कागदपत्रे एकमेकांना कधी दाखवायची, हे त्यात लिहून घेतले जावे. वकिलांनी तो मुद्दा आपणहून पक्षकारांसमोर ठेवावा. पुन्हा न्यायालयाची पायरी चढायची, या नुसत्या धास्तीने माझ्या बहिणीची कितीतरी वर्षे गेली.

तिने गेल्या महिन्यात अर्ज दिला. सोबत शाळेच्या पावत्या आणि त्या वहीतील पानांच्या प्रती जोडल्या आहेत.

आपली नम्र,
एक वाचक