मुंडकं फेकू नकोस

बर्गन, नॉर्वे

चि. भावेशास अनेक आशीर्वाद,

बठ्ठं बरं शे ना? नानांना आणि जिजीला नमस्कार सांग.

जुन्या वस्तीच्या मातीत सापडलेल्या हाडावरून मासा केवढा होता हे कसं काढतात, असं तू विचारलंस. मासा आयुष्यभर वाढतो आणि हाडं त्याच्याबरोबर वाढतात, सगळा हिशोब त्यावर उभा आहे. पण हिशोबाला आधी आपल्या हाताने मोजलेले मासे लागतात. तेव्हा सुरुवात बाजारातून कर.

एकच जात धर, रोहू. पावशेरापासून मिळेल तेवढ्या मोठ्यापर्यंत किमान तीस मासे हवेत. सगळे किलो-दीड किलोचेच घेतलेस तर लहान आणि फार मोठ्या माशांबद्दल बोलायला आधार राहत नाही. मासा ताजा असतानाच वजन कर आणि लांबी घे, तीही दोन प्रकारे: तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत, आणि पराच्या टोकापर्यंत. वहीत दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एकाची लांबी मुळापर्यंत आणि दुसऱ्याची टोकापर्यंत धरली की पुढचं सगळं गणित बिघडतं.

मुंडकं आणि कणा मंद आचेवर, खळखळ उकळी न येऊ देता, मांस सुटेपर्यंत ठेव. मग मऊ दातब्रशने धू आणि सावलीत वाळव. ब्लीच अजिबात नको, हाडाचा पृष्ठभाग खाल्ला जातो. प्रत्येक माशाची वेगळी पिशवी, त्यात नंबराची चिठ्ठी.

रोहूच्या जबड्यात दात नसतात. ते घशात, कल्ल्यांच्या मागे, दोन वाकड्या हाडांवर तीन ओळींत असतात. हे हाड नखाएवढं असलं तरी दणकट, मातीत टिकतं आणि जातही सांगतं. शिंगाळ्याच्या बाबतीत छातीच्या पराचा करवती काटा असाच उपयोगी. मणके भरपूर सापडतात, पण कण्यात पुढचा, मधला आणि शेपटीकडचा मणका एका मापाचा नसतो. कितवा हे कळत नसेल तर अंदाज ढिला होतो. डोक्यामागचा पहिला मणका मात्र ओळखू येतो.

व्हर्निअरने ०.१ मिलिमीटरपर्यंत माप घे, दोनदा, मधे एक दिवस सोडून. हाडाचं माप आणि लांबी, दोन्हींचे लॉग (लॉगरिदम) घेऊन आलेख काढलास की ठिपके जवळपास सरळ रेषेत येतील. ही रेषा म्हणजेच सूत्र: सापडलेल्या हाडाचं माप त्यात घालून माशाची लांबी काढायची. वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं: लांबी दुप्पट, वजन आठपट. म्हणून लांबीत दहा टक्के चूक झाली की वजनात तेहतीस टक्क्यांची होते. उत्तर नेहमी "एवढ्यापासून एवढ्यापर्यंत" असंच लिही.

जुन्या हाडांना आणखी खोडी असतात. पांढरं पडेपर्यंत जळालेलं हाड आकसतं, त्यावरून मासा लहान भासतो. पाणकावळ्याने गिळून ओकलेल्या हाडांचंही तसंच, पोटातल्या आम्लाने कडा झिजतात. डावं आणि उजवं हाड एकाच माशाचं असू शकतं, ते दोन मासे म्हणून मोजू नयेत. आणि चाळणी! माती हाताने निवडली किंवा जाड जाळीने चाळली तर मोठीच हाडं हाती येतात आणि जुने लोक मोठेच मासे खायचे असं खोटंच चित्र उभं राहतं. आपल्या काळ्या मातीची ढेकळं कोरडी चाळून फुटत नाहीत. भिजवून एक-दोन मिलिमीटरच्या जाळीवर धुतली तरच बारीक काटे दिसतात.

इथला कॉड मासा मुंडकं कापून वाळवतात. त्यामुळे तो जिथे विकला गेला त्या गावी मणके आणि खांद्याची हाडं सापडतात, डोक्याची नाहीत. डोक्याच्या हाडावर बेतलेलं सूत्र तिथे चालत नाही.

प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर गेलास तर तिथल्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरून काही उचलू नकोस. हाड थरातून हललं की त्याचा काळ कायमचा जातो.

पहिल्या दहा माशांचे आकडे पाठव, दोन्ही लांब्यांसकट. रेषा कशी बसते ते मी पाहतो.

तुझा,
मामा