महिन्यातला एक रविवार घरासाठी हवा

संपादक महोदय,
स. न.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. आमची सुट्टी सोमवारी. पत्नी बँकेत, तिला रविवार आणि 2015 पासून दुसरा व चौथा शनिवार मिळतो. लेकीची शाळा सोमवारी भरते. म्हणजे एका छताखाली राहूनही तिघांना मिळून आठवड्यात एकही पूर्ण दिवस मिळत नाही. गारगोटीजवळच्या गावी आई-दादा असतात, तिथं मी एकटाच सोमवारी जाऊन येतो. "नातीला कधी आणतोस?" हे दादांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एक गोष्ट पाळली. दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे सहाला तिघंही रंकाळा तलावावर जातो. अर्धा-पाऊण तास, मोबाईल घरी. एकदा संध्यामठाजवळच्या कट्ट्यावर बसून लेकीनं शाळेतली भीती सांगितली, गणिताच्या तासाला पोटात गोळा येतो म्हणाली. जेवणाच्या ताटावर वर्षभरात हे कधी निघालं नव्हतं. मला त्या दिवशी फार अपराधी वाटलं. रात्रपाळी लागली की मात्र हेही बंद पडतं.

कारखानदारांना कळकळीची विनंती आहे. भट्टी थांबवता येत नाही हे मलाही कळतं, पण कामगारांना आळीपाळीनं महिन्यातून एक तरी रविवार द्या. आणि शाळांनी पालकसभा कधीतरी सोमवारी संध्याकाळी घ्यावी, आम्ही बापमाणसं नक्की येऊ.

— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर